पिवळं परकर-पोलकं

समोरच्या रावसाहेबांच्या जागेची किल्ली दिवाळीपासून वैजयंतीबाईंच्या कमरेला होती. दाराशेजारी खुंटी असताना ती कमरेला कशाला, असं नवऱ्यानं, अरविंदरावांनी, एकदा विचारलंही. त्या म्हणाल्या, राहू दे, मला तिचं वजन बरं वाटतं. खोटं नव्हतं ते. समोरचं दार उघडलं की थोरला मुलगा प्रसाद, सून नीमा आणि नात क्षिप्रा पोळी गरम पोचेल एवढ्या अंतरावर मिळणार होती. अकरा वर्षं परदेशी राहिलेल्या मुलाच्या आईला आणखी काय हवं असतं?

रावसाहेब नाशिकला लेकीकडे कायमचे राहायला गेले, तेव्हा जाता जाता म्हणाले होते की प्रसाद येणार असेल तर दुसऱ्या कुणाला देत नाही. त्या दिवसापासून वैजयंतीबाईंनी ती जागा आपलीच धरली. झाडून पुसून घेतली, वाशीच्या बाजारातून मण्यांचं तोरण आणून दाराला लावलं. क्षिप्राचा पलंग कुठल्या खिडकीशी ठेवायचा तेही मनात पक्कं होतं. राहता राहिला होता प्रसादचा होकार. तो म्हणाला होता, संक्रांतीचं तुझं हळदीकुंकू होऊ दे, मग बसून बोलू. म्हणजे होच की, असं त्यांनी स्वतःला सांगून टाकलं होतं.

नाही म्हणायला त्याला दुसरी वाटही कुठे होती? दारेसलामहून आल्यापासून त्यानं सानपाड्यापासून नेरुळपर्यंत जागा पाहिल्या. फोनवर सगळं ठरायचं, आणि नीमा जिना चढून वर आली की मालकाला एकाएकी आठवायचं की पुतण्याचं लग्न ठरलंय, जागा त्याला लागणार. असे पाच-सहा पुतणे झाल्यावर प्रसादनं एजंटांचे फोन घेणंच सोडलं. मध्यंतरी तो पावण्याच्या एमआयडीसीत ज्या कारखान्यात लागला होता, तिथला मिथुन त्याला घणसोली गावात स्वतःच्या बिल्डिंगमधल्या खोल्या दाखवायला घेऊन गेला. पण गावठाणातली जागा, एकाला एक लागून भिंती, ती कोण घेतंय! वैजयंतीबाईंनी ती गोष्ट मनावर घेतली नाही.

नीमावर त्यांचा राग नव्हता, हे आधीच सांगायला हवं. लग्नाची बातमी आली तेव्हा दोन दिवस जेवल्या नव्हत्या, ते खरं. पण ती उंच, शांत, काळीभोर मुलगी क्षिप्राला कडेवर घेऊन दारात उभी राहिली आणि स्वच्छ मराठीत "आई, आम्ही आलो" म्हणाली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. भीती होती ती लोकांची. आणि लोकांसाठी त्यांच्यापाशी एक जुना उपाय होता. अरविंदरावांची कंपनी बंद पडून ते घरी बसले, तेव्हा बायकांनी कुजबुजायच्या आतच त्या खाली बागेत जाऊन म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे आता साहेब भाजी निवडतात." सगळ्या हसल्या, त्याही हसल्या, आणि विषय संपला. दुसऱ्याच्या तोंडून जे ऐकावं लागणार ते आपणच हसत बोलून टाकलं की त्याची धार जाते, असं त्यांचं म्हणणं. यानं त्यांचं आयुष्यात बरंच निभावलं होतं.

नीमा यायच्या आधी त्या मजल्यामजल्यावर सांगून आल्या होत्या, की ख्रिश्चन आहे पण घरंदाज, वडील तिकडे दारेसलामलाच शाळामास्तर. तिला ऐरोलीला एका कंपनीत नोकरी लागली, तेही सांगून आल्या. क्षिप्राला मात्र त्या उन्हं उतरल्याशिवाय बागेत नेत नसत. रोज सकाळी डाळीचं पीठ आणि साय लावून तिला खसखसून न्हाऊ घालत. नीमानं विचारलं, हे कशासाठी? त्यांनी सांगितलं, कांती मऊ राहते. तेही खोटं नव्हतं, फक्त अर्धं होतं.

हळदीकुंकवाबरोबरच क्षिप्राचं बोरन्हाण करायचं ठरलं होतं. हे पाचाच्या आतल्या मुलांचं करतात. मुलाला काळे कपडे घालायचे, वर हलव्याचे दागिने, आणि पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, शेंगा ओतायच्या. चारी बाजूंनी मुलं लुटायला टपलेली असतात. साडेतीन वर्षांच्या क्षिप्राचं हे इथलं पहिलंच बोरन्हाण, आणि वैजयंतीबाईंनी तिच्यासाठी हलवा घरी केला होता. विकतचा नाही. मंद आचेवर परात ठेवून, एकेक चमचा पाक घालत, बोटांनी तीळ फिरवत बसायचं. बोटं भाजतात, पण घाई केली तर हलव्याला काटा येत नाही. त्यांच्या हलव्याला असा काटा आला होता, की अरविंदराव येता-जाता दोन-चार दाणे पळवत होते. मग तो दोऱ्यात ओवून मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, एवढासा बिंदी-तोडासुद्धा.

पाच वाजत आले तशी आतल्या खोलीतून नीमा बाहेर आली. अंगावर काळी साडी, तिच्यावर पांढऱ्या टिकल्यांची चांदणी. हातात क्षिप्राचा फ्रॉक, त्याच साडीच्या कापडाचा, हातानं शिवलेला. प्रसादनं लहानपणचे संक्रांतीचे फोटो तिला दारेसलामला दाखवले होते म्हणे, तेव्हापासून ती या दिवसाची वाट पाहत होती.

वैजयंतीबाईंचा जीव गलबलला. आणि त्याच क्षणी त्यांना बैठकीत बसलेल्या बायका दिसल्या, त्या काळ्या फ्रॉकमधून वर येणारा क्षिप्राचा चेहरा दिसला, आणि बायकांचं एकमेकींकडे बघणं दिसलं. अजून बैठकीत कुणी आलंही नव्हतं.

"फ्रॉक राहू दे गं," त्या म्हणाल्या. "मी तिच्यासाठी परकर-पोलकं आणलंय. पिवळं."

"आई, आज काळं घालतात ना?"

"लहान मुलांना काहीही चालतं."

नीमानं त्यांच्याकडे पाहिलं, मग फ्रॉकची नीट घडी घातली. ती वाद घालणारी नव्हती. कोपऱ्यात वाणाच्या वाट्या मांडत असलेल्या प्राचीनं, म्हणजे धाकट्या ऋषीच्या बायकोनं, मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. प्राचीचं आणि नीमाचं फारसं जमत नसे. दोन बेडरूमच्या घरात सात माणसं, एकच ओटा, मग सकाळी भांड्यांचा आवाज जरा जास्तच होई. म्हणून तिनं मान वर केली याचं वैजयंतीबाईंना नवल वाटलं, पण दारावरची बेल वाजली आणि ते तिथंच राहिलं.

बायका आल्या, घर भरलं. अत्तर झालं, गुलाबपाणी झालं. नीमा प्रत्येकीला वाकून नमस्कार करत होती आणि प्रत्येकीच्या चेहऱ्यावर "अगंबाई, हिला येतं की!" असं उमटत होतं. वैजयंतीबाई सुखावत होत्या. वरच्या मजल्यावरची नमिता तिच्या मुलाला, स्वराजला, घेऊन आली. दोघांचं एकत्रच करू, असं आधी ठरलं होतं. दोन पाट शेजारी मांडले. स्वराज गोरा गुटगुटीत, काळ्या मखमलीच्या झबल्यात, वर विकतच्या हलव्याचे दागिने. ते त्या मखमलीवर असे उठून दिसत होते, की सगळ्यांचे मोबाईल त्याच्याकडे वळले. क्षिप्रा पिवळ्या परकरात बसली होती. वैजयंतीबाईंनी आठवडाभर बोटं भाजून केलेला तो पांढरा हलवा पिवळ्यावर दिसतच नव्हता.

"काकू, क्षिप्राला काळं नाही आणलंत?" नमितानं विचारलं. सहज विचारलं, तिच्या मनात काही नव्हतं.

पण खोली जरा गप्प झाली. निदान वैजयंतीबाईंना तसं वाटलं. आणि जी गोष्ट त्यांनी कंपनी बंद पडल्यावर केली होती तीच त्यांच्या जिभेनं आताही केली, त्यांना विचारल्याशिवाय.

"आमच्या बाईला काळं कपड्यात कशाला हवं? ती जन्मतःच नेसून आलीय!"

बायका हसल्या. वैजयंतीबाईही हसल्या. हसता हसता त्यांची नजर नीमाकडे गेली. तिच्या हातात बोरांचं माप होतं. ती मराठी शिकली होती, आणि चांगली शिकली होती. तिनं माप प्राचीच्या हातात दिलं, पाटावरून क्षिप्राला उचललं आणि अगदी सावकाश, कुणाला धक्का न लावता, आत गेली. अंगावरून बोरं पडायच्या आतच उचलली म्हणून क्षिप्रा रडायला लागली. दार लोटल्यावरही ते रडणं ऐकू येत होतं.

"झोप आली असेल," कुणीतरी म्हणालं. मग स्वराजवर माप ओतलं, पोरं तुटून पडली आणि कार्यक्रम पार पडला.

सगळ्या गेल्यावर वैजयंतीबाई स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकल्या. प्राची ताटं आवरत होती. तिच्यापाशी तरी मन मोकळं होईल या आशेनं त्या म्हणाल्या, की बाई गं, गमतीत बोलले, कुणी दुसरं बोलू नये म्हणून बोलले, एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय होतं? प्राची आपली बाजू घेईल याची त्यांना खात्रीच होती.

प्राचीनं ताट खाली ठेवलं. "आई, माझ्या पहिल्या संक्रांतीला तुम्ही मला निळी साडी घेतली होती."

"काळी मिळाली नव्हती गं."

"दुकानात काळ्याच होत्या. मी तुमच्याबरोबर होते." प्राचीचा आवाज चढला नव्हता. "मी सावळी म्हणून निळी. मी काही बोलले नाही. वाटलं, नवीन आहे, गप्प बसावं. मग गप्प बसायची सवयच लागली. आज नीमावहिनी उठल्या, ते बरं झालं."

आणि ती उरलेला हलवा एका डब्यात भरून नीमाच्या खोलीत घेऊन गेली. दिवाळीपासून तिनं त्या खोलीचं दार स्वतःहून कधी वाजवलं नव्हतं. वैजयंतीबाई तिथंच उभ्या राहिल्या. निळी साडी त्यांना लख्ख आठवत होती. दुकानदारानं पसरलेल्या काळ्या साड्याही आठवत होत्या.

जेवणं झाल्यावर प्रसाद बोलला. नीमा क्षिप्राला निजवायला आत गेली होती, ऋषी आणि प्राची सोफ्यावर होते, अरविंदराव त्यांच्या खुर्चीत. प्रसाद म्हणाला, घणसोलीला मिथुनकडच्या खोल्या घेतोय. रविवारी सामान हलवू.

ऋषी उसळला. समोरची जागा ठेवलीय, आईनं एवढं सगळं केलंय, आणि गावठाणात कुठे जाता? प्रसाद भिंतीकडे बघत म्हणाला, "पावणं जवळ पडतं. नीमालाही ऐरोलीला जायला बरं."

"वाशीहून काय लांब आहे? दोन्हीकडे इथूनही गाडी..." ऋषी पुढे बोलणार तोच प्राचीनं त्याच्या हातावर हात ठेवला. तो तिच्याकडे बघत राहिला. बायको कुठल्या बाजूला गेली ते त्याला कळेना.

वाशीहून पावणं लांब नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. प्रसाद वाशीतच लहानाचा मोठा झाला होता. पण आईला दुखवू नये म्हणून तो मुलगा भिंतीशी खोटं बोलत होता, आणि तेच वैजयंतीबाईंना जास्त लागलं. तो भांडला असता तर त्यांना रडता तरी आलं असतं.

"अहो, तुम्ही सांगा ना काहीतरी," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

अरविंदरावांनी चष्मा काढून पुसला. बायपासनंतर ते कमी बोलत. "नीमानं ती जागा पाहिलीय?" त्यांनी विचारलं.

प्रसादनं सांगितलं, तिनंच पसंत केलीय. खाली केरळच्या नर्स राहतात, वर मणिपूरच्या मुली, शेजारी एक नेपाळी जोडपं. मालकीणबाई मिथुनची आई. नीमा जिना चढून गेली तर त्या बाईनं एवढंच विचारलं, पाणी भरायला पिंप आहे का. मग तो म्हणाला, "परत येताना नीमा म्हणाली, तिथे कोणीच कोणासारखं दिसत नाही. त्यामुळे कोणी बघत नाही."

अरविंदरावांनी चष्मा लावला. "मग तिथेच जा," ते म्हणाले, आणि उठून आत गेले.

रविवारी टेम्पो आला. नीमानं जाताना दोघांच्या पाया पडून निरोप घेतला. क्षिप्रा टेम्पोत पुढे बसायला मिळणार म्हणून इतकी हरखली होती, की तिचा आजीला हात हलवायचाही राहिला.

रथसप्तमीला वैजयंतीबाई घणसोलीला निघाल्या. संक्रांतीची हळदीकुंकवं त्या दिवसापर्यंत चालतात, बोरन्हाणही चालतं. पिशवीत बोरं, शेंगा, चुरमुरे, नवा केलेला हलवा. बसमध्ये बसून त्या एकच वाक्य मनात घोळवत होत्या. नीमा, चुकलं माझं. हसून नाही म्हणायचं, गमतीत नाही म्हणायचं. आयुष्यात ज्या बाईनं प्रत्येक अवघड गोष्ट हसून काढली, तिला हे तीन शब्द सरळ म्हणणं किती जड जातं, ते तिलाच माहीत.

गावातली गल्ली अरुंद. बिल्डिंग सापडायला वेळ लागला नाही, कारण गच्चीवरचा पोरांचा आरडाओरडा खालपर्यंत येत होता. त्या दम खात वर चढल्या. गच्चीवर सतरंजी अंथरली होती आणि ठसठशीत कुंकू लावलेली एक धिप्पाड बाई सगळ्यांना हाका मारत होती. तीच मिथुनची आई, सरस्वती. तिच्या नातीचं बोरन्हाण होतं, पण तिनं बिल्डिंगमधली सगळीच लहान पोरं पाटांवर बसवली होती. नेपाळी बाळ होतं, एका नर्सची मुलगी होती, आणि मध्ये क्षिप्रा होती.

क्षिप्राच्या अंगात तो काळा फ्रॉक होता. आणि फ्रॉकवर वैजयंतीबाईंनी केलेले दागिने, तोच मुकुट, तोच हार, तेच बाजूबंद. नीमानं ते जपून नेले होते, एक दाणा तुटला नव्हता. काळ्या कापडावर त्या हलव्याचा काटान् काटा दिसत होता, आणि त्यावर ते काळंभोर, हसरं, टपोऱ्या डोळ्यांचं तोंड. असं सुरेख लेकरू वैजयंतीबाईंनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. हे झाकायला निघाले होते मी, त्यांच्या मनात आलं.

"या बाय, अशा उन्हान कशाला उभ्या? बसा," सरस्वतीनं त्यांना खुर्ची दिली. "पोरीची आजी का तुमी? पोरगी लय ग्वार हाय तुमची, साखरंसारकी. सगल्यांची लाडकी हाय."

तिनं पाहुणीला लावावं तसं त्यांना हळदीकुंकू लावलं, हातात वाण दिलं. पोरांच्या डोक्यावर मापं ओतली गेली. क्षिप्रा खदखदून हसली, बोरं गोळा करायला स्वतःच पाटावरून उठली, आणि आजी दिसताच ओरडली, "आजी, मला लुटलं!" वैजयंतीबाईंची पिशवी मांडीवर तशीच राहिली. त्यांचं बोरन्हाण घेऊन त्या आल्या होत्या, पण ते होऊन गेलं होतं.

नीमानं येऊन नमस्कार केला आणि त्यांना खाली खोलीत नेलं. खोली लहान होती, नीटनेटकी होती. खिडकीशी क्षिप्राचा पलंग होता. नीमा चहाचा ट्रे घेऊन आली, तेव्हा वैजयंतीबाई उभ्या राहिल्या.

"नीमा, त्या दिवशी मी जे बोलले..."

नीमानं ट्रे टेबलावर ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"आई, इथून पावणं जवळ आहे," ती म्हणाली. "मलाही ऐरोलीला जायला बरं पडतं."

शब्द प्रसादचेच होते. झोपलेल्या मुलाच्या खोलीचं दार लावावं तसं, आवाज न करता, तिनं ते बोलणं बंद केलं. माफी ऐकायची नाही असं ती म्हणत नव्हती. माफी ऐकून परत यावं लागेल, आणि ती परत येणार नव्हती. वैजयंतीबाईंना ते समजलं.

"साखर कमी घालू का?" नीमानं विचारलं.

"हो. कमीच," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

संध्याकाळी त्या घरी परतल्या तेव्हा जिन्यात नमिता भेटली. कुठे गेला होतात काकू, तिनं विचारलं, आणि प्रसाददादा एवढ्या लांब का हो गेले राहायला? सवयीनं एक हसरं उत्तर जिभेवर आलं. वैजयंतीबाईंनी ते गिळलं.

"क्षिप्राला काळं फार शोभतं गं," त्या म्हणाल्या.

नमिता काही न समजून "हो का?" म्हणाली आणि वर गेली.

वैजयंतीबाईंनी रावसाहेबांच्या दारावरचं तोरण काढलं. मणी अजून कोरेच होते. ते गुंडाळून त्यांनी पिशवीत, न ओतलेल्या बोरांवर ठेवलं. मग आपल्या घरात शिरून कमरेची किल्ली काढली आणि दाराशेजारच्या खुंटीला अडकवली.